छतातून आलेली मुलाखत

बेरित टोलेफ्सनची मुलाखत अकराला होती आणि वर्लिन स्कारचा अंत्यविधी साडेदहाला. दोन्ही एकाच छपराखाली. टोलेफ्सनांचा धंदाच अंत्यविधींचा. खाली प्रार्थनेचा हॉल, हॉलला लागून ऑफिस, आणि वरच्या मजल्यावर हे कुटुंब राहतं. आमच्या हेग्लंड गावात माणूस गेला की पहिला फोन पास्टरना आणि दुसरा बेरितच्या बापाला, लीलंडला. त्याच्या पोटी डॉक्टरीण जन्मली याचं गावाला फार कौतुक. "बरंय, गिऱ्हाईक घरातल्या घरात फिरेल," असं म्हणणारे महाभाग गावात होते, आणि अजून आहेत.

डॉक्टरीण म्हणजे तशी अर्धीच. मिनेसोटात काय किंवा उरलेल्या अमेरिकेत काय, मेडिकल कॉलेज संपलं म्हणून कुणी डॉक्टरी करू देत नाही. आधी एखाद्या हॉस्पिटलनं रेसिडेन्सीला, म्हणजे पगारी शिकाऊ डॉक्टर म्हणून, घ्यावं लागतं. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतात, हॉस्पिटलं आपली देतात, कॉम्प्युटर पत्रिका जुळवतो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. गेल्या मार्चमध्ये बेरितची पत्रिका कुणाशीच जुळली नव्हती. तेव्हापासून ती बापाच्या हाताखाली हॉलमध्ये फुलं लावत होती आणि गावातले लोक तिला बघून आवाज खाली आणत होते. यंदा दुसरी खेप. दोनदा नाकारलेल्याला तिसऱ्यांदा सहसा कुणी विचारत नाही. त्यातून यंदा मुलाखतीचं बोलावणं आलं होतं एकच, डुलुथच्या एका हॉस्पिटलचं.

पूर्वी बरं होतं. उमेदवार विमानानं जायचा, रात्री तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांबरोबर जेवायचा, सकाळी हॉस्पिटल बघायचा. कसा जेवतो, वाढणाऱ्याशी कसा बोलतो, यावरून समोरच्यांना माणूस कळायचा. आता सगळं पडद्यावर. प्रवास वाचला म्हणून जो तो शंभर ठिकाणी अर्ज टाकतो, आणि हॉस्पिटलं अर्जांच्या ढिगाखाली गुदमरतात. शेवटी त्यांनी नियम काढला, की खरोखर जिथं जायचंय अशा मोजक्याच ठिकाणी उमेदवारानं पसंतीची खूण करायची. बेरितनं डुलुथवर खूण केली होती. बाकी सगळं तेच ते. प्रत्येकाच्या मागं एक पुस्तकांचं कपाट, एक कुंडी, आणि तोंडात घोटून पाठ केलेली उत्तरं.

वरच्या मजल्यावर इंटरनेट आचके देतं. ऑफिसातलं मात्र दणकट, कारण लांबच्या नातेवाईकांना अंत्यविधी तिथूनच दाखवतात. शिवाय ऑफिसचं दार जाड, भिंती जाड. घरचे लोक आत बसून रडतात, त्याचा आवाज हॉलमध्ये जाऊ नये म्हणून लीलंडच्या वडिलांनीच तशा बांधून घेतल्या. मुलाखतीला याहून चांगली जागा गावात नव्हती.

आता लीलंडबद्दल थोडं. हा माणूस कमालीचा लाजाळू. अंत्यविधीच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की याच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून त्यानं ऑफिसच्या टेबलावर एक माईक आणि त्याचं खोकं बसवून घेतलं होतं. आत बसून बोलायचं, "कृपया सर्वांनी बसून घ्यावं," आणि हॉलच्या छतातल्या कर्ण्यांमधून ते बाहेर पडायचं. खोकं चालू असलं की त्यावर तांबडा दिवा लागायचा. शिवाय चार-पाच वर्षांपासून त्याला ऐकायला कमी यायचं. तो म्हणायचा, ऑर्गनमुळे. ऑर्गन त्याची बायको अर्डिस वाजवायची. त्यामुळे ती हे मनालाही लावून घ्यायची आणि दिवसभर ओरडूनही बोलायची.

त्या दिवशी लीलंड माईकवर दोन वाक्यं बोलून घाम पुसत होता, बाहेर अर्डिसच्या ऑर्गनच्या दणदणाटात छतातलं काहीही बुडून गेलं असतं, तेवढ्यात लॅपटॉप घेऊन बेरित आत आली.

"बाबा, उठा. वेळ झाली."

"काय?"

"उठा म्हणते," ती मोठ्यानं म्हणाली.

"अगं हो, पण ते खोकं..."

"खोकं-बिकं नंतर. आणि शपथ घ्या. छत कोसळलं तरी दार वाजवायचं नाही. दार वाजलं तर त्यांना ऐकू जाईल."

लीलंडनं शपथ घेतली. बेरितनं त्याला बाहेर ढकललं, आतून कडी लावली आणि फोन बंद करून खणात टाकला. मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, कानात काही घालू नकोस, आणि पडद्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघ. तसं बघणं जमत नसेल तर कॅमेऱ्याशेजारी ओळखीच्या माणसाचा फोटो ठेव आणि त्याच्याशी बोल. बेरितनं इकडंतिकडं बघितलं. हाताशी होती ती आजच्या अंत्यविधीची पत्रिका, वर वर्लिन स्कारचा हसरा फोटो. तिनं ती लॅपटॉपशेजारी खोक्याला टेकवून उभी केली. वर्लिनच्या हनुवटीमागं तांबडा दिवा झाकला गेला.

बाहेर हॉल गच्च भरला होता. पुढे शवपेटीत वर्लिन निळा सूट घालून निजला होता. नव्वदी ओलांडून, आरामखुर्चीत, मासेमारीचा कार्यक्रम बघता बघता गेलेला माणूस. दुःख होतं, पण कुणाला धक्का बसलेला नव्हता. पहिल्या रांगेत त्याची बायको लवॉन ताठ बसली होती, शेजारी तिचा भाऊ कर्मिट. पास्टर नीगार्ड भरात आले होते.

"देव आपल्याशी रोज बोलतो," ते म्हणाले, "पण आपण ऐकतो का?"

"माझा आवाज येतोय का?" छतातून एका बाईचा आवाज म्हणाला.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या इंगाबाई हळूच "हो" म्हणाल्या.

"छान. मी डॉक्टर ट्रुसडेल. आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. तुम्ही आयुष्यात काय केलंत ते सांगा."

पास्टरांचं पुस्तक हातातून निसटलं. अर्ध्या हॉलनं शवपेटीकडे बघितलं. मग छतातून बेरितचा आवाज आला, "मी हेग्लंड नावाच्या छोट्या गावात वाढले," आणि लोकांच्या जिवात जीव आला. ही तर आपली बेरित. तिची मुलाखत चाललीय. खोकं चालू राहिलंय.

दुसरं गाव असतं तर कुणीतरी उठून दार बडवलं असतं. आमच्याकडे शेजाऱ्याच्या कोटाला आग लागली तरी माणूस आधी "तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, पण" असं म्हणतो. त्यामुळे सगळे मूग गिळून बसले. पोरगी बोलतेय, मध्ये बोलणं बरं दिसत नाही. पास्टरसुद्धा खुर्ची ओढून बसले.

लीलंडचं मात्र धाबं दणाणलं. दार वाजवायचं नाही ही शपथ. फोन बंद. राहता राहिलं विजेचं मुख्य बटण. ते दाबलं की खोकं बंद, पण त्याबरोबर इंटरनेटही बंद आणि पोरीची मुलाखतही बंद. तो जिन्याखाली जाऊन त्या बटणावर हात ठेवून उभा राहिला. इकडे एका माणसाचा अंत्यविधी नासत होता, तिकडे पोरीचं आयुष्य. शेवटी तो वाकत वाकत पहिल्या रांगेशी गेला.

"लवॉन," तो कुजबुजला, "वीज घालवू का? पोरीची मुलाखत जाईल. तू म्हणशील तसं."

लवॉननं छताकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "राहू दे रे," ती ओठातल्या ओठात म्हणाली. "वर्लिनला कुठं घाई आहे."

लीलंडनं मान डोलावली आणि तो मागं जाऊन उभा राहिला. ऑर्गनवर बसलेली अर्डिस त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत होती.

छतात मुलाखत रंगली होती. बेरित पाठ केलेलं सगळं नीट म्हणत होती आणि हॉलमधली माणसं माना हलवत होती. मग ट्रुसडेलबाई म्हणाल्या, "बेरित, एक सांगू? आज सकाळपासून मी हेच ऐकतेय. एखादा अवघड रोगी सांगा. पण अर्जात लिहिलेला नको. घोटून ठेवलेला नको. आत्ता डोळ्यासमोर येईल तो."

बेरितच्या डोळ्यासमोर वर्लिन स्कार हसत उभा होता.

"एक म्हातारं जोडपं होतं," ती म्हणाली. "नाव-गाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मी शिकायला म्हणून एका दवाखान्यात होते, तिथं आले होते. नवरा कित्येक वर्षं ठार बहिरा. बायकोचा ओरडून ओरडून घसा बसलेला."

हॉलमध्ये काही माना पहिल्या रांगेकडे वळल्या. लवॉनच्या घोगऱ्या आवाजाची सगळ्या गावाला ओळख होती.

"मी बायकोला बाहेर बसवलं आणि तपासलं. कान स्वच्छ, पडदा धडधाकट. मला शंका आली. म्हणून पाठीमागं जाऊन अगदी हळू म्हटलं, आजोबा, पँटची चेन उघडी आहे. त्यांनी लगेच खाली बघितलं."

छतातून ट्रुसडेलबाईंचं हसू ऐकू आलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. शंभर माणसं श्वास रोखून बसली होती. लीलंड परत जिन्याखालच्या बटणाकडे वळला. आता वीज घालवावी तर फार उशीर झाला होता, न घालवावी तर पुढं काय येतंय कोण जाणे.

"मी रागावले त्यांच्यावर. म्हटलं, बिचारी बायको ओरडून मरतेय आणि तुम्ही सोंग करताय? ते म्हणाले, सुरुवात मेव्हण्यामुळे झाली. तो दर रविवारी यायचा आणि एकाच माशाची गोष्ट सांगायचा. बहिरं झाल्यावर तो सांगायचा थांबला."

कर्मिटचा चेहरा बीटासारखा लाल झाला. त्याच्या मागच्या रांगेत कुणाला तरी अचानक खोकला झाला.

"मग थांबवायचं ना सोंग," ट्रुसडेलबाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हणाले. तर ते टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, पोरी, आमच्यात कुणी बोलत नाही. माझ्या बापानं आईला काही सांगितलेलं मी ऐकलं नाही, मी हिला सांगितलं नाही, हिनं मला नाही. पण मला ऐकू येत नाही म्हटल्यावर ही संध्याकाळी माझ्या शेजारी बसून हळूहळू बोलायला लागली. स्वतःशीच बोलल्यासारखी. लग्नाच्या वेळी मी तिला कसा दिसलो ते. गेलेल्या बाळाबद्दल. मी नसलो तर काय होईल ते. ते म्हणाले, आता मला ऐकू यायला लागलं, तर ती थांबेल."

लवॉनचे दोन्ही हात मांडीवर होते, ते तसेच राहिले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"कान ठीक आहेत असं कागदावर लिहिलं. बायकोनं विचारलं, तेव्हा म्हटलं, त्यांनाच विचारा. तिनं ओरडून विचारलं, ते म्हणाले, काय? आणि गेले दोघं." बेरितचा आवाज जरा बारीक झाला. "तेव्हा वाटलं, बरोबर केलं. पण ते गृहस्थ आता नाहीत. मी त्यांच्या मागं लागायला हवं होतं, की एकदा तरी तिला सांगा, तुमचं सगळं ऐकलं मी. ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचं राहिलं. माझी चूक विचाराल तर ही."

छतातून ट्रुसडेलबाईंनी कागद आवरल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आमचा वेळ संपला. धन्यवाद. तुमचं भलं होवो."

"आमेन," सवयीनं पास्टरांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांच्यापाठोपाठ शंभर माणसं "आमेन" म्हणाली.

जाड दारातूनही तो आवाज आत पोचला. बेरितला वाटलं, प्रार्थना संपली. मुलाखत चांगली झाली होती, वर्षभरात पहिल्यांदा तिला मोकळं वाटत होतं. तिनं लॅपटॉप मिटला, वर्लिनची पत्रिका उचलली, आणि मागं तांबडा दिवा तिच्याकडे टक लावून बघत होता. तिला क्षणभर अर्थच लागेना. लागला तेव्हा तिनं पत्रिका परत दिव्यापुढं उभी केली. दार उघडण्यावाचून इलाज नव्हता. तिनं कडी काढली तर अख्खा हॉल तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्या रांगेतून लवॉन उठून तिच्याकडे येत होती.

रोग्याची गोष्ट बाहेर फोडणं हे आमच्याकडे असं पाप आहे, की एका तक्रारीत डॉक्टरकी सुरू व्हायच्या आधी संपते. ते बेरितला ठाऊक होतं, लीलंडला ठाऊक होतं, आणि लवॉनलाही ठाऊक असणार. ती आत आली आणि तिनं दार लावून घेतलं. लावण्याआधी लीलंडही आत घुसला. या खेपेला त्यानं खोकं बंद केलं.

"लवॉनआजी, मला खरंच..." बेरित म्हणायला लागली.

"थांब," लवॉन म्हणाली. "त्याच्या आईबद्दल मी जे जे बोलले, ते त्यानं ऐकलं?"

"ऐकलं असेल."

"बरं झालं. म्हातारी होतीच तशी." ती खुर्चीत बसली. बराच वेळ तिनं हातमोजे काढले आणि घातले. "ती थांबेल, असं तो म्हणाला? त्याच शब्दांत?"

"त्याच शब्दांत."

लवॉनच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसली. पुसलं मात्र नाही. मग म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

बापानं तोंड फिरवलं. बेरितनं खणातून फोन काढला आणि डुलुथचा नंबर लावला. ट्रुसडेलबाई आल्या तसा लवॉननं फोन हिसकावून घेतला.

"मी त्या बहिऱ्याची बायको," ती म्हणाली. तिकडून ट्रुसडेलबाई काहीतरी पुटपुटल्या. "हो, तीच. तुमची मुलाखत आम्ही सगळ्यांनी ऐकली. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीत, छतातून. चूक खोक्याची आहे. पोरीनं दोन वर्षं तोंड उघडलं नाही, आणि या गावात दुसऱ्याची गोष्ट दोन दिवस कुणाच्या पोटात राहत नाही. तुम्ही उघडायला लावलंत."

"बाई, मला फार वाईट वाटतं," ट्रुसडेलबाई म्हणाल्या. "पण मुलाखतीनंतर मला उमेदवाराबद्दल एक अक्षर बोलायची परवानगी नाही."

"बोलू नका. नुसतं ऐका. माझ्या नवऱ्यानं कित्येक वर्षं तेच केलं." ती जे सांगायचं ते सांगून मोकळी झाली आणि तिनं फोन ठेवला. बेरितला ते हिताचं झालं की होतं तेही गेलं, हे कुणाला सांगता येईना.

मग लवॉन हॉलमध्ये गेली आणि शवपेटीशी उभी राहून नवऱ्याशी बोलायला लागली. गावानं कित्येक वर्षं तिचं ओरडणंच ऐकलं होतं. आता ती इतकं हळू बोलत होती, की पहिल्या रांगेलाही शब्द कळेना. खाली तळघरात अंत्यविधीनंतरच्या जेवणाचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाटा-खिमा, निवत होतं, कॉफी कडू होत होती, पण कुणी जागचं हललं नाही. ती पुष्कळ वेळ बोलली. जेवताना कर्मिट एकदाही बोलला नाही, माशाबद्दल तर नाहीच.

पुढच्या आठवड्यात गावच्या दवाखान्यात कानांच्या तपासणीची झुंबड उडाली. बायका नवऱ्यांना दंडाला धरून आणत होत्या. नवरे म्हणत होते, आम्हाला जरा बरं वाटतंय आता, उगाच खर्च कशाला. त्या हिवाळ्यात हेग्लंडमध्ये बरीच माणसं आपोआप बरी झाली.

बेरितचा हिवाळा मात्र सरता सरेना. मुलाखतीनंतर डुलुथहून ना चिठ्ठी ना चपाटी. ती फुलं लावत राहिली. मार्चमधल्या निकालाच्या दिवशी ती वरच्या स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसली होती. बारा वाजता फोनवर निरोप आला. तिनं वाचलं, परत वाचलं. तिनं फोन आईपुढं सरकवला.

अर्डिसनं चष्मा लावून वाचलं. मग ती उठली आणि जिन्याच्या वरच्या पायरीशी गेली. खाली हॉलच्या पार पलीकडच्या टोकाला, इकडे पाठ करून, लीलंड बाकं पुसत होता. अर्डिस ओरडली नाही. लेकीला झोपवताना बोलायची तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "लीलंड, पोरगी लागली. डुलुथला."

लीलंडच्या हातातलं फडकं पडलं. तो बाकांना धडकत, जिना धापा टाकत वर आला आणि बेरितला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागला. तीही रडत होती. अर्डिस मात्र कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत होती. अंत्यविधीच्या दिवशी लवॉनची कुजबुज त्यानं टिपली, तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घोळत होतं.

"लीलंड," ती आणखी हळू म्हणाली, "किती वर्षं?"

लीलंडनं मान वर केली. डोळे पुसले.

"काय?" तो म्हणाला.